चार शहरांतले डॉक्टर आणि एक नवे औषध: व्यावसायिक संबंधांच्या जाळ्याचे एक प्रकरण

## पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९५३ मध्ये अमेरिकेत टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक (जंतुसंसर्गावरचे औषध) बाजारात आले. त्या घराण्यातले हे पहिले औषध नव्हते. लेडर्ले कंपनीचे ऑरिओमायसिन १९४८ पासून वापरात होते (लेडर्लेतल्या संशोधनाची धुरा तेव्हा यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते). फायझरचे टेरामायसिन १९५० पासून होते. या औषधांवर डॉक्टरांचा हात बसला होता. टेट्रासायक्लिन त्याच जातीचे, पण रुग्णाला कमी त्रास देणारे. ते लिहून द्यायला मोठे धाडस लागत नव्हते. तरीही सगळ्यांनी ते एकदम सुरू केले नाही. काहींच्या चिठ्ठीवर ते पहिल्या एक-दोन महिन्यांतच आले, काहींच्या चिठ्ठीवर यायला वर्ष लागले.

या फरकाचा माग काढण्यासाठी कोलंबिया विद्यापीठाच्या सामाजिक संशोधन केंद्रातले तिघे, जेम्स कोलमन, एलिहू कॅट्झ आणि हर्बर्ट मेन्झेल, इलिनॉय राज्यातल्या चार शहरांत गेले. पैसे फायझरने दिले होते. त्यांनी आपल्या लिखाणात शहरांची नावे दडवून त्यांना अक्षरे दिली आणि औषधाला ‘गॅमानिम’ हे खोटे नाव दिले. आज हे सगळे उघड आहे: शहरे पिओरिया, ब्लूमिंग्टन, क्विन्सी आणि गेल्सबर्ग, औषध टेट्रासायक्लिन. डॉक्टरांची नावे मात्र बाहेर आली नाहीत. आज अभ्यासकांना मिळते त्या माहितीत प्रत्येक डॉक्टर म्हणजे एक क्रमांक आहे.

रुग्णालयांतल्या व्यावसायिक संबंधांचा जाळे म्हणून अभ्यास करायचा असेल, तर हे प्रकरण आधी नीट समजून घ्यावे असे मला वाटते. त्यात काय साधले याइतकेच काय निसटले तेही महत्त्वाचे आहे, आणि जे निसटले ते सापडायला पुढची जवळपास पन्नास वर्षे गेली.

## प्रश्न

एखादा डॉक्टर नवे औषध लवकर का लिहितो आणि दुसरा उशिरा का? याचे सरळ उत्तर त्या डॉक्टरमध्येच शोधता येते. त्याचे वय, त्याचे शिक्षण, तो किती नियतकालिके वाचतो, परगावच्या परिषदांना जातो की नाही, त्याच्याकडे रुग्ण किती येतात. कोलंबियाच्या मंडळींना आणखी एक शक्यता दिसत होती: उत्तर डॉक्टरांच्या आपसातल्या संबंधांत असेल. कोण कोणाला विचारतो, रात्री कोणाला फोन करतो, कोणाबरोबर जेवायला बसतो.

हा कल त्यांच्या घरातूनच आला होता. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड यांच्या या केंद्राने १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा ओहायोतल्या एरी काउंटीत अभ्यास केला, तेव्हा मतदारांवर वर्तमानपत्र आणि रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसांचा परिणाम जास्त दिसला होता. प्रसारमाध्यमांपेक्षा माणूस मोठा, हा तिथला अनुभवाने पक्का झालेला विश्वास होता. प्रकरणाच्या उत्तरार्धात तो पुन्हा आठवावा लागेल.

## समोर असलेले पर्याय

पहिला निर्णय: कोणाला विचारायचे? नेहमीची रीत म्हणजे देशभरातून सोडतीने काही शे डॉक्टर निवडायचे. वय किंवा वाचन तपासायला असा नमुना चालतो. संबंध तपासायला तो निकामी ठरतो, कारण निवडलेला डॉक्टर ज्याचे नाव घेईल तो नमुन्यात नसणारच. त्यामुळे पूर्ण शहर घ्यायचे ठरले. पण न्यूयॉर्कसारख्या महानगरात जाळ्याचा काठ सापडत नाही. म्हणून ३० हजार ते १ लाख १० हजार वस्तीची चार शहरे निवडली. तिथे कोण कोणाचा सहकारी हे ओळखता येते आणि बहुतेक संबंध शहराच्या आतच संपतात. शेवटी सामान्य चिकित्सक, अंतर्रोगतज्ज्ञ (फिजिशियन) आणि बालरोगतज्ज्ञ मिळून १२५ जणांच्या मुलाखती झाल्या. त्या शहरांत या शाखांत काम करणाऱ्यांपैकी हे ८५ टक्के होते. उरलेल्या १५ टक्क्यांना हलके समजता येत नाही. साध्या सर्वेक्षणात न आलेला माणूस एक आकडा कमी करतो. जाळ्यात मात्र त्याच्यामार्फत जोडलेली माणसे एकमेकांपासून तुटलेली दिसू लागतात.

दुसरा निर्णय मला या सगळ्या अभ्यासातला सर्वांत चांगला वाटतो. डॉक्टरने औषध केव्हा सुरू केले हे कसे कळणार? त्यालाच विचारणे सोपे होते. पण कोणाला तारीख आठवते? आणि नव्याची दखल उशिरा घेतली असे कोणता डॉक्टर स्वतःहून सांगेल? त्यांनी डॉक्टरच्या तोंडी उत्तरावर विसंबायचे नाही असे ठरवले आणि त्या शहरांतल्या औषधांच्या दुकानांत जाऊन चिठ्ठ्यांच्या नोंदी तपासल्या. साधारण दर महिन्याला तीन सलग दिवस निवडायचे आणि त्या दिवसांच्या चिठ्ठ्यांत त्या डॉक्टरच्या सहीखाली टेट्रासायक्लिन पहिल्यांदा केव्हा आले ते पाहायचे. अशा नोंदी बाजारात औषध आल्यापासून वर्षभराहून अधिक काळाच्या घेतल्या. संबंध मुलाखतीतून आणि वर्तन कागदपत्रांतून आल्यामुळे एकाची चूक दुसऱ्यात मिसळली नाही. आजही रुग्णालयांत होणाऱ्या अनेक पाहण्यांत दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नावलीत विचारतात. मग ‘ज्यांचे संबंध चांगले ते कामही चांगले करतात’ असा निष्कर्ष निघतो, आणि त्यात प्रत्यक्षात काय मोजले हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरा निर्णय: ‘संबंध’ म्हणजे काय धरायचे? ‘तुमचे कोणाशी चांगले जमते?’ असे विचारून काहीच हाती लागत नाही. नाव घेऊन पसंती विचारायची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात रुळवली होती. न्यूयॉर्क राज्यात हडसन येथे मुलींच्या एका निवासी शाळेतून १९३२ साली दोन आठवड्यांत १४ मुली पळाल्या, तेव्हा त्यांनी मुलींच्या आपसातल्या संबंधांचा नकाशा काढून त्या पळण्यामागची साखळी दाखवली होती. इलिनॉयच्या अभ्यासात तीन वेगळे प्रश्न विचारले. उपचाराबाबत सल्ला किंवा माहिती हवी असेल तर तुम्ही बहुधा कोणाकडे जाता? आपल्या रुग्णांविषयी नेहमीच्या बोलण्यात चर्चा कोणाशी होते? आणि डॉक्टरांपैकी कोणत्या मित्रांची घरगुती भेटगाठ सर्वांत जास्त? प्रत्येक प्रश्नाला तीन नावे.

या तीन प्रश्नांमुळे एकाच शहराचे तीन नकाशे तयार झाले. सल्ल्याचा नकाशा वरून खाली जाणारा असतो: सगळे एका ज्येष्ठाकडे जातात, ज्येष्ठ कोणाकडे जात नाही. चर्चेचा नकाशा बरोबरीच्यांचा. मैत्रीच्या नकाशात क्लब, शेजार आणि बायका-मुलांच्या ओळखीही येतात. आपल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात हे तीन प्रश्न विचारले, तर तिथेही तीन निरनिराळी चित्रे निघतील.

## काय दिसले

१९५७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, १९६६ मध्ये त्याचे पुस्तक झाले. वैयक्तिक गुणांचा परिणाम होताच. जास्त नियतकालिके वाचणारे, परगावच्या बैठकांना जाणारे, आपल्या रुग्णांपेक्षा व्यवसायबंधूंच्या मताकडे जास्त लक्ष असणारे डॉक्टर औषध लवकर लिहायला लागले. पण ज्यांचे नाव इतर डॉक्टरांनी पुष्कळदा घेतले होते ते आणि ज्यांचे नाव कोणीच घेतले नव्हते ते, यांच्यातला फरक त्याहून ठळक होता. वैयक्तिक गुण बाजूला काढले तरी तो टिकत होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. संबंधांत गुंतलेल्या डॉक्टरांमध्ये औषध लिहिणाऱ्यांची संख्या महिन्यागणिक वाढत्या वेगाने चढली: एकामुळे दोन, दोघांमुळे चार अशा तऱ्हेने. एकट्या पडलेल्या डॉक्टरांची चाल मात्र एकसारखी संथ राहिली, जणू प्रत्येक जण आपापल्या वेळी स्वतंत्रपणे ठरवत होता. जोड्या तपासल्या तेव्हा क्रमही दिसला. अगदी सुरुवातीला सल्ला आणि चर्चा यांनी जोडलेले डॉक्टर जवळपास एकाच वेळी औषध सुरू करत होते. मग मैत्रीच्या जोड्यांमध्ये ते दिसू लागले. काही महिन्यांनी कोणत्याच नात्याचा परिणाम दिसेना. जे उरले होते त्यांनी ज्याच्या-त्याच्या वेळी सुरुवात केली.

त्यांनी याचा अर्थ असा लावला: नव्या गोष्टीबद्दल अनिश्चितता सर्वांत जास्त असते तेव्हा डॉक्टर आधी व्यावसायिक सहकाऱ्याकडे पाहतो. नंतर मित्राचे ऐकणे पुरते. आणि औषध सर्रास झाले की कोणालाच विचारायची गरज उरत नाही. अर्थ लावण्याची ही रीत सुंदर होती. पुढे तीस वर्षे विद्यार्थ्यांना ती जवळजवळ सिद्ध झालेली गोष्ट म्हणून शिकवली गेली.

## कागद पुन्हा उघडले तेव्हा

या मंडळींनी आपली मूळ माहिती जपून ठेवली, त्यामुळे इतरांना ती पुन्हा तपासता आली. १९८७ मध्ये समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्ट यांनी तीच माहिती घेऊन वेगळा प्रश्न विचारला. डॉक्टर ज्याच्याशी बोलतो त्याच्या मागे जातो, की जाळ्यात आपल्यासारख्याच जागी उभ्या असलेल्या दुसऱ्या डॉक्टरवर नजर ठेवून असतो? एकाच गावात दोन बालरोगतज्ज्ञ आहेत, दोघांकडे तेच सामान्य चिकित्सक रुग्ण पाठवतात, आणि दोघांचे आपसात बोलणे नाही, असे समजा. एकाने नवे औषध सुरू केले की दुसऱ्याला मागे राहणे परवडत नाही. बर्ट यांच्या हिशोबात प्रत्यक्ष बोलण्याच्या नात्याला पुरावा मिळाला नाही. सारख्या जागी असलेल्यांच्या चढाओढीला थोडा मिळाला, आणि डॉक्टरच्या स्वतःच्या आवडीनिवडीचे वजन मोठे निघाले. त्यानंतर आणखी काहींनी गणिताच्या वेगळ्या रीती लावल्या. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत.

खरा धक्का २००१ मध्ये बसला. ख्रिस्तोफ व्हॅन डेन बुल्ट आणि गॅरी लिलियन या विपणनाच्या अभ्यासकांनी जुन्या वैद्यकीय नियतकालिकांच्या प्रती काढून त्यांतल्या टेट्रासायक्लिनच्या जाहिराती मोजल्या. लेडर्लेने ॲक्रोमायसिन या नावाने औषध आणताना मोठी मोहीम चालवली होती, आणि फायझरसह इतर कंपन्याही आपापल्या नावांनी मैदानात होत्या. कोणत्या महिन्यात जाहिरातींचा भर किती होता हे हिशोबात घेतल्यावर डॉक्टरांचा एकमेकांवर झालेला म्हणून समजला गेलेला परिणाम उरला नाही.

असे का व्हावे? रात्री जोराचा पाऊस पडला तर शेजारच्या दोन अंगणांत एकाच वेळी पाणी साचते, पण म्हणून एका अंगणातले पाणी दुसऱ्यात गेले असे कोणी म्हणत नाही. दोन मित्र-डॉक्टर एकाच वर्गात शिकलेले असतात, तीच नियतकालिके चाळतात, कंपनीचा तोच प्रतिनिधी दोघांच्या दवाखान्याची पायरी एकाच दिवशी चढतो. दोघांनी औषध एकाच महिन्यात सुरू केले, तर त्या जोडीकडे पाहून मैत्रीमुळे झाले की प्रतिनिधीमुळे हे सांगता येत नाही. नवे औषध आल्याचे पहिल्यांदा कंपनीच्या माणसाकडून समजले, असे तर मूळ मुलाखतींतच अनेक डॉक्टरांनी सांगितले होते.

## कोणता निर्णय वेगळा घेता आला असता

माझ्या मते सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच: कंपन्यांनी लावलेला जोर मोजायचा नाही. पैसे औषध कंपनीचेच होते. कोणत्या शहरात प्रतिनिधी किती, ते कोणाकडे किती वेळा गेले, हे विचारायला दार उघडे होते. पण माध्यमांपेक्षा माणसाचा माणसावर परिणाम जास्त, असे त्या केंद्रात आधीच मानले जात होते, आणि त्यांच्या प्रश्नावलीने तेच उचलून धरले. जाळ्याच्या अभ्यासात हा धोका फार मोठा आहे, कारण नकाशा इतका बोलका असतो की त्यात न काढलेल्या रेषांची आठवणच होत नाही.

चिठ्ठ्यांच्या नोंदींची कल्पना उत्तम होती, तरी महिन्यातल्या तीन दिवसांची तपासणी सगळ्यांना सारखा न्याय देणारी नव्हती. ज्याच्याकडे रोज पन्नास रुग्ण येतात त्याची पहिली चिठ्ठी त्या तीन दिवसांत सापडण्याची शक्यता जास्त. ज्याच्याकडे पाच येतात त्याने औषध कधीच सुरू केलेले असेल, पण कागदावर तो उशिराचा दिसेल. आणि ज्याच्याकडे जास्त रुग्ण, त्याचे नाव सहकाऱ्यांच्या तोंडी जास्त असणार. प्रतिनिधीने दिलेल्या नमुन्याच्या गोळ्या तर दुकानाच्या नोंदीत येतच नाहीत.

तीनच नावांची अट ठेवली नसती तर बरे झाले असते. ज्याचे सहा जणांशी दाट बोलणे आहे त्याची निम्मी नाती त्यामुळे नाहीशी झाली. आणि परिचारिका, दुकानातले औषधविक्रेते, रुग्णालयातले कनिष्ठ डॉक्टर या नकाशात कुठेच नव्हते. १९५४ च्या सुमारास ते कोणाला खटकलेही नसेल. पण औषधाची माहिती वॉर्डात कोणाच्या तोंडून फिरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही पोकळी लगेच दिसेल.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. सगळ्या अभ्यासात लवकर औषध सुरू करणे म्हणजे चांगले, असे न बोलता धरले आहे. उशिरा सुरू करणारा तो मागासलेला, एकटा पडलेला. पण लहान मुलांच्या घडणाऱ्या दातांवर टेट्रासायक्लिनचे कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात, हे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लक्षात येऊ लागले, आणि पुढे आठ वर्षांखालच्या मुलांना ते टाळावे असा दंडकच झाला. त्या १२५ जणांत बालरोगतज्ज्ञही होते. त्यांच्यापैकी जे थांबले त्यांनी का थांबायचे ठरवले, हे त्यांना कोणी त्या नजरेने विचारले नाही.

## आज एखाद्या रुग्णालयात हे करायचे तर

आज प्रश्न उलटा झाला आहे. नवे प्रतिजैविक किती लवकर पसरते यापेक्षा, गरज नसताना सुरू झालेले प्रतिजैविक कोण थांबवते, हे रुग्णालयांना समजून घ्यायचे आहे. त्यासाठी इलिनॉयची रीत उपयोगी आहे, दुरुस्त्या करून.

काठ कुठे आखायचा हे आधी ठरवावे लागते. फक्त मानद सल्लागार आणि निवासी डॉक्टर घेतले तर नकाशा अपुरा राहील. इन्चार्ज सिस्टर, रात्रपाळीच्या सिस्टर, औषधभांडारातले फार्मासिस्ट, सूक्ष्मजीवशास्त्र विभागातले तंत्रज्ञ हे सगळे यादीत हवेत. छापील यादी समोर ठेवून खुणा करायला सांगावे, आठवणीवर सोडू नये. प्रश्न घडलेल्या प्रसंगाचा असावा: ‘गेल्या महिन्यात इंजेक्शन बदलण्याआधी किंवा बंद करण्याआधी तुम्ही कोणाला विचारलेत?’ पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने या प्रश्नाला रात्रपाळीच्या सिस्टरचे नाव लिहिले, तर तो त्या अभ्यासातला मोलाचा धागा आहे. आणि वर्तन केसपेपर आणि औषधभांडाराच्या नोंदीतून घ्यावे, सलग, तीन दिवसांचे तुकडे पाडून नाही.

सोबत बाहेरून येणारा जोर मोजावा. कोणत्या विभागात एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) केव्हा येतात, औषधांचे नमुने कोण घेते, कोणत्या कंपनीच्या खर्चाने परिषदा होतात. भारतात औषधविक्रीच्या वर्तनाची एकसमान संहिता २०२४ मध्ये लागू झाली, त्यामुळे हे विचारण्याला आता आधारही आहे. हा स्तंभ कोरा ठेवून काढलेला नकाशा मी तरी वाचायला घेणार नाही.

सर्वांत अवघड निर्णय नावांचा. साध्या पाहणीत नाव न लिहिता उत्तर देता येते. इथे नाव हाच डेटा आहे. निवासी डॉक्टर ‘विभागप्रमुखांना मी काही विचारत नाही’ असे लिहील, पण तो कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर जाणार नाही याची खात्री असेल तरच. ज्याने भाग घ्यायला नकार दिला तोही इतरांनी नाव घेतल्यामुळे नकाशात येतो, आणि त्याची संमती कोणीच घेतलेली नसते. क्रमांक दिले तरी, एकुलता एक भूलतज्ज्ञ किंवा एकुलती एक बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात क्रमांकामागचा माणूस कोणीही ओळखेल. म्हणून नीतिविषयक समितीसमोर जातानाच लिहून द्यावे लागते की मूळ नकाशा व्यवस्थापनाला मिळणार नाही, आणि बढती-बदलीसाठी तो कधीही वापरला जाणार नाही. अधीक्षकांना हे मान्य नसेल तर अभ्यास सुरूच करू नये.

आणि पुढाकार कोणाकडे द्यायचा? २०११ मध्ये अय्यंगार, व्हॅन डेन बुल्ट आणि व्हॅलेंटे यांनी अमेरिकेतल्या तीन महानगरांत एका नव्या औषधाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी प्रतिनिधींच्या भेटी हिशोबात धरल्या होत्या, आणि तरीही डॉक्टरांचा एकमेकांवरचा परिणाम दिसला. सहकारी ते औषध किती वापरतो, यावर तो अवलंबून होता. शिवाय आपले मत इतर मानतात असे स्वतःबद्दल सांगणारे डॉक्टर आणि इतरांनी ज्यांचे नाव घेतले ते डॉक्टर, ही माणसे बरीचशी वेगळी निघाली. रुग्णालयात प्रतिजैविकांवर देखरेख करणारी समिती नेमताना आपण सहसा पदे पाहतो आणि कोण तयार आहे ते विचारतो. वॉर्डातल्या माणसांना ‘तुम्ही कोणाचे ऐकता?’ हे विचारून मिळालेली नावे त्या यादीशेजारी ठेवून पाहावीत, आणि समितीत निदान दोन जागा त्या नावांसाठी राखाव्यात.